अँग्लिकन स्तोत्रगायन

इंग्लंडच्या चर्चमधील उपासनेत बायबलच्या ‘स्तोत्रसंहिता’ या ग्रंथातील स्तोत्रे गायकवृंदाने चार आवाजांच्या स्वरमेळात गाण्याची परंपरा. तीत वापरल्या जाणाऱ्या छोट्या चालीस ‘अँग्लिकन चँट’ म्हणतात. स्तोत्रांचा इंग्रजी अनुवाद गद्य असून त्यातील चरण लहानमोठे आहेत. चालीतील स्वर मात्र ठराविक असतात. या दोहोंची सांगड घालणे, हा या गायनप्रकारातील मूलभूत प्रश्न होय.

मध्ययुगीन मठांतून स्तोत्रे लॅटिन भाषेत, स्वरमेळाविना, ग्रेगोरियन चालींवर म्हणत. धर्मसुधारणेनंतर १५४९ मध्ये ‘बुक ऑफ कॉमन प्रेअर’ हा इंग्रजी प्रार्थनाग्रंथ प्रचारात आला व १५५० मध्ये जॉन मर्बेक याने त्याला साध्या चाली दिल्या. पुढे अशा जुन्या चालींना चार आवाजांची जोड मिळत गेली. यादवी युद्धाच्या काळात, १६४५ मध्ये, प्रार्थनाग्रंथावर बंदी आली आणि कॅथीड्रलांतील गायकवृंद मोडले. १६६० मध्ये राजसत्ता पुन्हा स्थापन झाल्यावर ते नव्याने उभारावे लागले. गायनाची रीत विस्मरणात जाऊ लागल्याने एडवर्ड लो याने १६६१ मध्ये तीविषयी मार्गदर्शक पुस्तिका प्रसिद्ध केली. १६६२ च्या प्रार्थनाग्रंथात स्तोत्रांसाठी माइल्स कव्हरडेल याचा सोळाव्या शतकातील अनुवादच कायम राहिला. त्यातील १५० स्तोत्रे सकाळ-संध्याकाळच्या उपासनांत विभागून ३० दिवसांत पूर्ण होतात.

एकेरी चालीत १० स्वर असतात. चरणाच्या पूर्वार्धास चार व उत्तरार्धास सहा स्वर येतात. प्रत्येक अर्धाच्या पहिल्या स्वरावर हवी तितकी अक्षरे म्हणता येतात. त्यानंतरचे स्वर अर्धाचा शेवट साधतात. दुहेरी चालीत असे दोन चरण बसतात. गायकवृंद समोरासमोर दोन भागांत उभा राहतो. दक्षिणेकडील भागास ‘डिकेनाय’ व उत्तरेकडील भागास ‘कँटोरिस’ म्हणतात. ते आळीपाळीने गातात व स्तोत्राच्या शेवटी पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचे गौरववचन एकत्र म्हणतात.

कोणते अक्षर कोणत्या स्वरावर घ्यावे, हे खुणांनी दाखविण्यास ‘पॉइंटिंग’ म्हणतात. पूर्वी हे गायकांच्या सवयीवर अवलंबून असे. ईली कॅथीड्रलचा ऑर्गनवादक रॉबर्ट जेन्स याने १८३७ मध्ये खुणांसह स्तोत्रसंहिता छापली. १८७५ चे ‘कॅथीड्रल सॉल्टर’ सर्वत्र पसरले. परंतु त्यानुसार गाताना पहिल्या स्वरावरील शब्द घाईने उरकले जात आणि पुढील स्वर संथ, मोजून घेतले जात. त्यामुळे अर्थ झाकोळतो, अशी टीका झाली. विसाव्या शतकात बोलण्याच्या स्वाभाविक लयीस प्राधान्य मिळाले. सिडनी निकल्सन याचे ‘पॅरिश सॉल्टर’ (१९२८) या दृष्टीने महत्त्वाचे आहे. चालीने शब्दांच्या मागून जावे, हे तत्त्व तेव्हापासून रूढ झाले.

एकोणिसाव्या शतकात ही पद्धत कॅथीड्रलांतून गावोगावच्या चर्चमध्ये गेली. तेथील भाविक तोवर स्टर्नहोल्ड व हॉपकिन्स यांच्या संग्रहातील (१५६२) पद्यबद्ध स्तोत्रे गात असत. पद्य सर्वांना सहज गाता येते. गद्य चरण एकदिलाने गाण्यास नित्याचा सराव लागतो. म्हणूनच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावच्या चर्चमधील गायकवृंद क्षीण होताच तेथे हे गायनही मागे पडले. कॅथीड्रले आणि ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील महाविद्यालयांची प्रार्थनामंदिरे यांत ते टिकून आहे. बीबीसीने १९२६ पासून सायंउपासनेचे नभोवाणीप्रक्षेपण करून त्याला व्यापक श्रोतृवर्ग मिळवून दिला. सॉल्सबरी कॅथीड्रलने १९९१ मध्ये मुलींचा गायकवृंद सुरू केला व इतर अनेक कॅथीड्रलांनी त्याचे अनुकरण केले.