विजेची नवी मोटार पुनः पुनः दुरुस्तीस कां जाते?

नांदेड व लातूर या दोन्ही शहरांतून अलीकडे हिरव्या पाटीवर पांढरीं अक्षरें असलेल्या मोटारी वरचेवर दिसूं लागल्या आहेत. ह्या विजेच्या मोटारी होत. धूर नाहीं, आवाज नाहीं, पेट्रोलची चिंता नाहीं. आणि विक्रेता आणखी एक गोष्ट मोठ्या अभिमानानें सांगतो, ती ही कीं, इंजिनच नसल्यामुळें हिच्यांत बिघडण्यासारखें कांहीं उरलेंच नाहीं. हें म्हणणें अर्धें खरें आहे. उरलेलें अर्धें काय आहे, तें आम्हांस घरच्याच एका अनुभवावरून कळलें, म्हणून तें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगण्याचें योजिलें आहे.

आमच्या लातूरच्या मेहुण्यांनीं दसऱ्याच्या मुहूर्तावर अशी एक मोटार घेतली. कंपनीचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. चार महिने ती उत्तम चालली. माघांत एके दिवशीं सकाळीं तिचें दारच उघडेना. सर्व्हिस सेंटरांतील मंडळींनीं संगणक लावून पाहिला, सूचना पुसल्या, सॉफ्टवेअर नवें घातलें व गाडी परत दिली. चैत्रांत तीच गत झाली. ह्या खेपेस लहान बॅटरी बदलून मिळाली. पुढें मे महिन्याच्या आरंभीं भाचीस वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठीं नांदेडास आणीत असतां, लोह्याच्या अलीकडे भर अकरा वाजतां पडद्यावर तांबडी सूचना उमटली, वेग आपोआप कमी झाला व गाडी रस्त्याच्या कडेस उभी राहिली. मोठ्या बॅटरींत त्या वेळीं निम्म्याहून अधिक वीज शिल्लक होती! परीक्षागृहाचें दार दीड वाजतां बंद व्हावयाचें. मेहुण्यांनीं मुलीस एका भरलेल्या जीपगाडींत कशीबशी बसवून दिलें. एक वाजून वीस मिनिटांनीं ती दारांतून आंत गेली. पेपर कसा गेला हें विचारण्याचें धैर्य त्या दिवशीं कोणास झालें नाहीं.

मुलीस दारांतून आंत सोडून आम्ही लोह्यास गेलों, तों तेथील एक जुने उस्ताद गाडीचें झांकण उघडून उभे होते. पेट्रोलच्या इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगणारा हा मनुष्य. त्यांनीं कान लावला, पुन्हां लावला, आणि झांकण मिटून म्हणाले, "गुरुजी, हिच्यात ऐकायला काहीच नाही बघा. नाडीच नाही, तर वैद्य काय करील?"

त्यांच्या या बोलण्यांत फार मोठें मर्म आहे. पेट्रोलच्या इंजिनांत दट्टे, झडपा, पट्टे, दांतेरी चाकें असे शेंकडों हलणारे भाग असतात; ते झिजतात, व झिजतांना आवाज करितात. विजेच्या मोटारींत चाकें फिरविणाऱ्या यंत्राचा फिरता भाग मुख्यतः एकच. म्हणून तो झिजून गाडी बंद पडल्याचें क्वचितच ऐकूं येतें. येथवर विक्रेत्याचें म्हणणें खरें. परंतु त्या यंत्रास वीज पुरविणारी बॅटरी म्हणजे एक वस्तु नव्हे, तें एक मोठें कुटुंबच आहे. एका घटाचा दाब अवघा तीन-साडेतीन व्होल्ट. असे शंभराच्या आसपास घट एकापुढें एक जोडले म्हणजे तीनशें-साडेतीनशें व्होल्ट होतात. अशा ओळींतील सर्वांत दुबळा घट जितकें देईल तितकेंच सारी ओळ देऊं शकते. विहिरीवरून घागरी हातोहात देणाऱ्या रांगेंत एक जण थकला म्हणजे जें होतें, तेंच येथें होतें. म्हणून घटांचा दाब व उष्णता मोजीत एक संगणक सदैव पहारा करितो, आणि त्यास संशय आला कीं तो गाडीची शक्ति कमी करितो किंवा ती थांबवितो. पुष्कळदां गाडी मोडलेली नसते. तिनें स्वतःस थांबविलेलें असतें. मालकास रस्त्यांत उभें राहणें दोन्हीकडे सारखेंच. पण दुरुस्त करणाऱ्यास ह्या दोहोंत जमीनअस्मानाचें अंतर आहे.

आतां नवल असें कीं, ह्या मोठ्या बॅटरीशेजारीं बारा व्होल्टांची एक लहान बॅटरीहि असते. पेट्रोलच्या मोटारींत असते तशीच. दिवे, दारांचीं कुलुपें, पडदा, संगणक हीं सर्व तिजवर चालतात; आणि मोठ्या बॅटरीची वीज बाहेर सोडणारे स्विचहि तिच्याच बळावर मिटतात. ती मेली म्हणजे कोठार धान्यानें भरलेलें, पण किल्ली विहिरींत पडलेली! मोठ्या बॅटरींतली वीज उतरवून ह्या लहानीस देणारा एक कन्व्हर्टर असतो. तो काम सोडून बसला कीं लहान बॅटरी हळूहळू रिकामी होते. मेहुण्यांच्या गाडींत चैत्रांत बदललेली बॅटरी निर्दोष होती. तिला जेवूं घालणाराच संपावर गेला होता.

अशा जातीचा दोष मोठमोठ्या कारखान्यांसहि चुकलेला नाहीं. मेहुण्यांची मोटार त्यांची नव्हे, पण २०२४ सालीं ह्युंदाईनें भारतांत आयोनिक ५ जातीच्या १,७४४ व कियानें ईव्ही६ जातीच्या १,१३८ मोटारी परत बोलाविल्या. गाडी चार्ज करणारा व बारा व्होल्टांची बॅटरी भरणारा जो एकत्रित भाग, त्यांत दोष असण्याचा संभव होता. अमेरिकेंत ह्युंदाईनें त्याच वर्षीं मार्चांत ह्याच कारणास्तव मोटारी बोलाविल्या, आणि नोव्हेंबरांत पुन्हां सुमारे १,४५,००० बोलाविल्या. त्यांत पूर्वीं एकदां दुरुस्त झालेल्याहि होत्या. तेव्हां एका दुरुस्तीनें रोग न जाणें हें कांहीं एकट्या मराठवाड्याच्या नशिबीं आलेलें नाहीं.

पण एकदां दुरुस्त केलेली गाडी पुन्हां कां अडते? याचें मुख्य कारण असें कीं, विजेचा बिघाड येतो आणि जातो. एखादी जोडणी उन्हानें तापल्यावर व रस्त्याच्या धक्क्यांनीं हालल्यावरच सुटते. सर्व्हिस सेंटरांत रात्रभर थंड झाल्यावर तीच पुन्हां चिकटून बसते. पाहुण्यांसमोर शहाण्यासारखें वागणाऱ्या मुलाप्रमाणें गाडी तेथें एकहि खोडी करीत नाहीं. संगणकांत एक खुणेचा आंकडा उरलेला असतो. पण तो 'दाब कमी झाला' इतकेंच सांगतो, कां झाला तें सांगत नाहीं. मग कारागीर अनुमानानें एक भाग बदलतो. अनुमान चुकलें तर मालकाची पुढची फेरी ठरलेली. शिवाय, नारिंगी रंगाच्या तारांतून प्राणघातक दाबाची वीज वाहत असल्यामुळें शिकलेल्या मनुष्यावांचून त्यांस कोणी हात लावूं नये हेंच योग्य. आणि असा मनुष्य व हवा तो भाग जवळ नसला, तर गाडी दुसऱ्या गाडीवर चढवून दूरच्या शहरीं न्यावी लागते. मेहुण्यांच्या गाडीचा कन्व्हर्टर येण्यास पांच आठवडे लागले. तेवढे दिवस हप्ता मात्र वेळेवर जात होता.

उलट, कधीं कधीं गाडीवर येणारा आळ घराच्या वाट्याचा असतो. आमच्याकडची जमीन काळी. उन्हाळ्यांत ती वाळून भेगाळते. अशा कोरड्या जमिनींत घराचें अर्थिंग दुबळें होतें, आणि अर्थिंग नीट नसलें तर गाडीचा चार्जर सुरक्षिततेसाठीं वीज घेण्याचें नाकारितो. लोक गाडीस दोष देतात. अर्थिंगच्या खड्ड्यांत दोन घागरी पाणी ओतल्यावर गाडी मुकाट्यानें चार्ज होऊं लागली, असें आम्हीं एके घरीं स्वतः पाहिलें आहे. तसेंच, पारा बेचाळीस अंशांपलीकडे गेला असतां तापलेल्या गाडीस जलद चार्जर लावला, तर बॅटरी जपण्यासाठीं ती वीज सावकाश घेते. हा बिघाड नव्हे. तक्रार करण्यापूर्वीं एवढें पाहून घ्यावें; नाहीं तर खऱ्या तक्रारीचेंहि वजन जातें.

संताप येणें स्वाभाविक आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यांत परळी येथें एप्रिल २०२२ मध्यें एका गृहस्थानें आपली थोड्याच दिवसांत बंद पडलेली विजेची स्कूटर गाढवाला बांधून गांवभर मिरविली. देशभर हंशा झाला. परंतु गाढव हा कांहीं पुरावा होत नाहीं. पुरावा म्हणजे कागद. प्रत्येक फेरीस जॉब-कार्ड मागून घ्यावें. त्यावर तारीख, किलोमीटर व तक्रार आपल्या शब्दांत लिहविल्यावांचून सही करूं नये. 'जनरल चेक-अप' असें लिहूं देऊं नये. पडद्यावरील सूचनेचें छायाचित्र तेथल्या तेथें काढावें. वॉरंटीचा कागदहि घेण्यापूर्वींच वाचावा: मोठ्या बॅटरीस बहुधा आठ वर्षें किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत हमी असते, परंतु इतर भागांची मुदत त्याहून बरीच कमी असते. आमच्या मेहुण्यांनीं पहिल्या दोन फेऱ्यांचा एकहि कागद ठेविला नव्हता.

ह्या कागदांचें मोल कायद्यांत आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें आपण राहतों त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत तक्रार करितां येते. दहा ते वीस लाखांच्या मोटारीस चारशें रुपये शुल्क पडतें. तत्पूर्वीं १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनीस कळवितां येतें. मात्र नवी गाडीच बदलून मिळेल अशी आशा फार धरूं नये. दोषी भाग बदलून काम भागत असेल तर संपूर्ण गाडी बदलून देण्याचें कारण नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालच्या एका निकालांत म्हटलें आहे. मूळ घडणींतच दोष आहे हें तज्ज्ञाच्या अहवालानें दाखवावें लागतें; आणि एकच दोष कितीदां परत आला हें दाखविणारीं जॉब-कार्डें तेथें फार उपयोगी पडतात. अमेरिकेंत अशा अडेल गाडीस 'लिंबू' म्हणतात. १९८२ सालीं कनेक्टिकट राज्यानें तिजसाठीं पहिला कायदा केला. ठराविक वेळां दुरुस्ती करूनहि दोष न गेल्यास पैसे किंवा दुसरी गाडी मिळावी, असा अशा कायद्यांचा आशय. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाहीं. आपण नव्या गाडीस लिंबू बांधतों एवढेंच.

कन्व्हर्टर बदलल्यापासून मेहुण्यांची गाडी अद्याप थांबलेली नाहीं. जुना भाग उघडल्यावर त्याची एक जोडणी काळवंडलेली आढळली. ही गोष्ट मेहुण्यांनीं जॉब-कार्डावर लिहवून घेतली आणि तो कागद गाडींतच ठेविला आहे. भाची आतां महाविद्यालयांत आहे. सुटींत नांदेडास येतांना लोहें जवळ आलें कीं ती बोलतां बोलतां थांबते व पडद्याकडे पाहूं लागते.