चटईची वळकटी आणि तलवारीचा घाव

जपानी तलवारीची मूठ उतरविली म्हणजे मुठीच्या आत दडलेला पात्याचा जो काळसर भाग दृष्टीस पडतो, त्यावर एका बाजूस बहुधा कारागिराचे नाव कोरलेले असते. परंतु सतराव्या शतकातील काही निवडक तलवारींवर त्या नावाखेरीज सोन्याने भरलेली आणखी एक ओळ आढळते, आणि अमुक परीक्षकाने या पात्याने एकावर एक रचलेले दोन मृतदेह एका घावात छेदले, असा दाखला तीत निर्विकारपणे नमूद केलेला असतो. हे देह देहान्त शासन झालेल्या गुन्हेगारांचे असत. तोकुगावा शोगुनांच्या अंमलात देशात दीर्घकाळ शांतता नांदल्यामुळे पात्याचा कस रणांगणावर लागण्याचा संभव उरला नव्हता, म्हणून ते काम दरबाराने यामादा आसाएमोन हे नाव धारण करणाऱ्या घराण्याकडे सोपविले आणि ते पिढ्यान् पिढ्या तेथेच राहिले. या घराण्याच्या अनुभवाच्या आधारे १७९७ मध्ये सिद्ध झालेल्या ‘काइहो केन्जाकु’ या ग्रंथात तलवारी घडविणाऱ्या लोहारांची, त्यांच्या पात्यांच्या छेदनशक्तीनुसार, प्रतवारी लावलेली असून नागासोने कोतेत्सु या विख्यात कारागिराची गणना तीत सर्वोच्च वर्गात केलेली आहे. यामादा घराण्यातील एका पुरुषाने, मरणाच्या दारी उभा असलेला कैदी जी अखेरची कविता रचून ठेवीत असे तिचा अर्थ आपणांस कळावा एवढ्यासाठी, हायकूचा अभ्यास केला असे सांगतात. त्या सबंध दप्तरात मनाला किंचित दिलासा देणारी ही एकच हकीकत आहे, असे मला वाटते.

१८६८ च्या राज्यपरिवर्तनानंतर ही क्रूर प्रथा बंद पडली आणि १८७६ च्या हुकुमाने तर कमरेस तलवार लावून हिंडण्याचा सामुराईंचा परंपरागत हक्कही संपुष्टात आला. तथापि तामेशिगिरी या नावाने ओळखली जाणारी छेदनाची विद्या लोप पावली नाही. तिचा विषय मात्र पालटला. पूर्वी परीक्षा पात्याची होती आणि हात सिद्ध मानला जाई. आज पाते सिद्ध धरले जाते आणि परीक्षा होते ती हाताची. माझ्या दृष्टीने या विद्येच्या इतिहासातील सर्वांत मोलाचा बदल हाच आहे, कारण त्यामुळेच लक्ष्य म्हणून माणसाच्या देहाची गरज उरली नाही आणि घरात तयार करता येण्याजोगी एक भिजलेली वळकटी त्याच्या जागी पुरेशी ठरली.

प्रारंभी भाताच्या पेंढ्याच्या घट्ट बांधलेल्या जुड्या वापरीत. पुढे तातामी या जपानी बिछायतीवरील लव्हाळ्याच्या चटईला पसंती मिळाली. घरोघरच्या तातामींवरील हे वरचे आच्छादन काही वर्षांनी बदलावे लागते, आणि टाकून दिलेली ती जीर्ण चटई तलवारीच्या अभ्यासकास अनायासे मिळते. चटईच्या कडेस शिवलेली कापडी पट्टी आणि एखादा चुकार खिळा असल्यास तो आधी काढून टाकावा लागतो. मग एका टोकाकडून, मध्ये पोकळी राहू न देता, ती घट्ट गुंडाळून ठरावीक अंतरांवर सुतळीने किंवा रबराच्या पट्ट्यांनी बांधावयाची आणि सुमारे तीन फूट उंचीची ही वळकटी निदान एक पूर्ण दिवस पाण्यात बुडवून ठेवावयाची. भिजलेला लव्हाळा फुगतो, त्याचे तंतू एकमेकांस घट्ट बिलगतात आणि सर्व वळकटीला एकसारखा प्रतिकार प्राप्त होतो. कोरडी राहिलेली वळकटी मात्र धारेपुढे दबते, घसरते, आणि पुष्कळदा न कापताच खुंटीवरून उडून पडते. पाण्यातून काढल्यावर ती उभी करून निथळू द्यावी लागते; आडवी ठेवल्यास पाणी एका बाजूस साचून तिचा समतोल बिघडतो. शेवटी जड लाकडी घोडीवर बसविलेल्या टोकदार खुंटीवर ती रोवली जाते. वळकटीच्या मध्यभागी ओला बांबू घालण्याचीही रीत आहे. त्या वेळी लव्हाळा मांसाच्या जागी आणि बांबू हाडाच्या जागी कल्पिलेला असतो. नवशिक्याने बांबूच्या वाटेस जाऊ नये, आणि वाळलेल्या बांबूच्या वाटेस तर कोणीच जाऊ नये, कारण त्याने उत्तम धारेलाही खड्डा पडतो.

पहिला घाव बहुधा उजव्या खांद्याकडून डाव्या कमरेकडे तिरपा उतरणारा असतो. बौद्ध भिक्षूचे काषाय वस्त्र ज्या रेषेने छातीवरून जाते तीच ही रेषा होय. या घावात बळाचे काम फारच थोडे असते, ही गोष्ट नवख्या माणसाच्या गळी सहसा उतरत नाही. पात्याचे पृष्ठ आणि पात्याची गती ही दोन्ही एकाच प्रतलात असली, म्हणजे धार ज्या दिशेस पाहते त्याच दिशेस पाते जात असले, तर टोकापासून काही इंचांवरील वेगवान भाग वळकटीतून जवळजवळ विनासायास पार होतो. परंतु मनगट अगदी किंचित जरी वळले तरी पात्याची बाजू लव्हाळ्यावर आपटते आणि मग कितीही ताकद लावली तरी ती व्यर्थ जाते. पात्यावर खोबणी असल्यास हवेत वार करताना शीळ घातल्यासारखा मोठा आवाज येतो, आणि त्या आवाजावर भाळून आपला हात साधला असे पुष्कळांना वाटू लागते. वळकटीची साक्ष याहून कितीतरी कठोर असते. छेद आरशासारखा सपाट निघाला तर धार सरळ गेली. पळीच्या पोटासारखा खोलगट निघाला तर वाटेत मनगट फिरले. पलीकडच्या काठाशी तंतूंची झालर लोंबत राहिली तर अखेरीस वेग मंदावला किंवा हात आखडला. आणि सबंध वळकटीच कलंडली तर कापण्याऐवजी केवळ धक्का दिला गेला. कापलेले तुकडे फेकून न देता त्यांचे मुख नीट न्याहाळणारा अभ्यासक जे शिकतो, ते शेकडो वार हवेत करणाऱ्यास मिळत नाही.

या विद्येस आधुनिक शिस्त मिळाली ती लष्कराच्या निमित्ताने. तोयामा येथील लष्करी विद्यालयात १९२५ मध्ये अधिकाऱ्यांसाठी तलवारीची एक संक्षिप्त पद्धती ठरविण्यात आली आणि प्रत्यक्ष छेदनाला तिच्यात महत्त्वाचे स्थान होते. याच परंपरेतील नाकामुरा ताइझाबुरो (१९१२–२००३) यांनी १९५३ मध्ये आपली स्वतंत्र शाखा स्थापिली. ते सुलेखनकारही होते, आणि ज्या एका अक्षराच्या आठ फटकाऱ्यांवर जपानी सुलेखनाचा सारा अभ्यास उभा असतो, त्या आठ फटकाऱ्यांवरून त्यांनी तलवारीचे आठ घाव बसविले, ही कल्पना मला अत्यंत रमणीय वाटते.

जेथे तातामी मिळत नाही तेथे अभ्यासकांनी आपापल्या परीने सोय लावली आहे. समुद्रकिनाऱ्यावर अंथरावयाच्या स्वस्त गवती चटया, गुंडाळून भिजविलेली वर्तमानपत्रे, पोहणे शिकताना धरावयाच्या फोमच्या नळ्या, आणि पाण्याने काठोकाठ भरलेली पातळ प्लॅस्टिकची बाटली ही त्यांपैकी काही. बाटलीची परीक्षा तर विशेष कडक असते: धार सरळ गेली तर खालचा अर्धा भाग पाण्यासह जागच्या जागी उभा राहतो, आणि जरा वाकडी गेली की सबंध बाटली दूर भिरकावली जाते.

आपल्याकडे कोल्हापूरच्या मर्दानी खेळात लिंबू काढणीचा जो प्रकार आहे तो या विद्येचा नातलग असला तरी त्याचा धर्म निराळा आहे. त्यात वापरल्या जाणाऱ्या दांडपट्ट्याच्या खोबळ्यात मनगट जखडलेले असल्यामुळे घाव कोपर, खांदा आणि फिरत्या कमरेतूनच यावा लागतो. आणि माणसाच्या तळहातावर ठेवलेले लिंबू कापताना घाव पार जाऊन चालत नाही, तो नेमका थांबविता आला पाहिजे. वळकटी धारेची सरळ रेषा पाहते, लिंबू नजर आणि अंतर पाहते, आणि दोन्ही अभ्यासांनी हात तयार व्हावा ही इच्छा अस्थानी नव्हे.

हा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने प्रथम गुरू शोधावा आणि लाकडी तलवारीवर हात बसवावा. भारतात नऊ इंचांहून लांब पात्याची धारदार तलवार १९५९ च्या शस्त्रकायद्याच्या कक्षेत येते, तेव्हा आपल्या जिल्ह्यात परवान्याचा नियम काय आहे याची चौकशी आधीच करावी. भिंतीवर शोभेसाठी टांगावयाच्या तलवारींनी काहीही कापू नये. त्यांच्या मुठीत पात्याचा केवळ एक बारीक दांडा असतो, तो आघाताने मोडतो आणि सुटलेले पाते कोणाच्या अंगावर जाईल याचा नेम नसतो. घावाच्या रेषेत, समोर किंवा मागे, कोणीही उभे राहू नये, आणि घाव खुंटीच्या पुष्कळ वर ठेवावा. काम आटोपल्यावर पाते पुसून त्यावर लवंगतेल मिसळलेल्या तेलाचा पातळ हात फिरवावा, कारण भिजलेल्या लव्हाळ्याच्या पाण्याने पोलादावर फार लवकर गंज चढतो. खऱ्या जपानी तलवारीत मूठ आणि पाते यांना एकत्र ठेवणारी बांबूची एक लहानशी मेख असते. ती चिरली किंवा सैल झाली असेल तर नवी बसेपर्यंत ती तलवार म्यानातच राहू द्यावी, आणि ही तपासणी प्रत्येक वेळी, चटई पाण्यातून काढण्यापूर्वीच उरकावी.