रेसचा टायर, रोजचा रस्ता
(चाकाखालची जमीन : लेखांक ११)

स्पर्धेचा टायर ठरावीक जमिनीवर, ठरावीक वेळेपुरती, जास्तीत जास्त पकड देण्यासाठी बनवलेला असतो. तो किती हजार किलोमीटर टिकेल, बाभळीचा काटा लागला तर काय होईल, दोन माणसे आणि तांदळाचे पोते घेऊन कसा चालेल, हे प्रश्न तो घडवताना कोणी फारसे विचारात घेत नाही. झाडीपट्टीत हा फरक शंकरपटाच्या छकड्यावरून चटकन कळतो. पटावर धावणारा छकडा इतका हलका ठेवतात की त्यात धान भरून बाजाराला जावे असे कोणाच्या मनातही येत नाही. टायरच्या बाबतीत मात्र तसे मनात येते, कारण रेसचा टायर आणि रोजचा टायर दुरून सारखेच दिसतात.

स्पर्धेच्या टायरमधला सर्वांत टोकाचा प्रकार म्हणजे स्लिक. त्यावर एकही खाच नसते. झिजून गोटा झालेला टायर आणि स्लिक दिसायला एक, पण आतून वेगळे. गोटा झालेल्या टायरचा उरलासुरला थर जुना, कडक झालेला असतो. स्लिकचा रबर मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, आणि खाचा नसल्यामुळे त्याचा पूर्ण पृष्ठभाग रस्त्याला चिकटतो. डांबरातल्या गिट्टीच्या बारीक उंचसखल भागांत मऊ रबर शिरून बसतो. पकड यातूनच येते. फॉर्म्युला वनमध्ये १९७१ पासून स्लिक वापरात आले. गाड्या वळणांवर फार वेगाने जाऊ लागल्या म्हणून १९९८ ते २००८ या काळात टायरवर खाचा सक्तीच्या होत्या, आणि २००९ मध्ये स्लिक परतले. वेग कमी करण्यासाठी टायरला खाचा पाडाव्या लागल्या. कोरड्या रस्त्यावर खाचेचा पकडीला उपयोग नसतो, उलट तोटाच होतो, हे यावरून उघड होते.

मऊ रबरला काम करण्यासाठी उष्णता लागते. रेसचा रबर साधारण ८० ते १०० अंश सेल्सिअसला ताळ्यावर येतो. म्हणून शर्यतीपूर्वी टायरला विजेवर तापणारी दुलई गुंडाळतात. पुढे जोराचे ब्रेक आणि वळणे यांनी टायर सतत दबतो, वाकतो आणि आतूनच तापत राहतो. साध्या रस्त्यावर ५०-६० किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या गाडीत असे काही घडत नाही.

यावर चंद्रपूरकर लगेच म्हणेल, आमच्याकडे दुलई कशाला? मे महिन्यात इथला पारा ४६ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारचे डांबर ६० अंशांच्याही वर तापते. शंका रास्त आहे. अशा दुपारी स्लिक थोडा मऊ पडेल, पण रस्ता तापला म्हणून टायर आतून घुसळला जात नाही, आणि सावलीच्या पट्ट्यात शिरताच मिळालेली उष्णता ओसरू लागते. शिवाय मऊ झालेला रबर रस्त्यावरची बारीक गिट्टी आणि फुफाटा अंगाला चिकटवून घेतो. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक ज्या रस्त्यांवरून जातात, तिथे तर चाक आणि डांबर यांच्यामध्ये धुळीचा थरच असतो. मऊ रबर झिजतोही भराभर. हाच टायर डिसेंबरमध्ये पहाटे ताडोबाच्या मोहर्ली गेटकडे निघालेल्या गाडीला असेल, तर हवा दहा अंशांच्या आसपास आणि रबर चपलेच्या जुन्या तळव्यासारखा घट्ट. चंद्रपूर-मूल रस्त्यावर चितळ किंवा रानडुक्कर आडवे येते तेव्हा पहिलाच ब्रेक लागू पडावा लागतो. टायर तापेपर्यंत जनावर थांबत नाही.

पावसाचा हिशेब आणखी सरळ आहे. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी साचले आहे, टायर २० सेंटिमीटर रुंद आहे आणि वेग ताशी ८० किलोमीटर आहे असे धरू. त्या एका टायरला दर सेकंदाला सुमारे १३ लिटर पाणी, म्हणजे जवळजवळ एक बादली, बाजूला सारावे लागते. टायरचा जमिनीला टेकलेला भाग जेमतेम वीतभर लांब असतो. त्याखालचे पाणी हटायला सेकंदाचा दीडशेवा भाग मिळतो. खाचा असतील तर पाण्याला वाट असते. नसतील तर पाण्याची पाचर टायरखाली शिरते, गाडी पाण्यावर तरंगते आणि स्टिअरिंग एकाएकी हलके लागते. ट्रॅकवर पाऊस आला की गाड्या पिटमध्ये येऊन खाचांचे टायर चढवतात. गडचिरोलीच्या पावसाळ्यात, आलापल्लीहून भामरागडला निघालेल्याला अशी सोय नाही.

कायदाही हाच विचार करतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ नुसार खाचेची खोली दुचाकी-तीनचाकीला किमान ०.८ आणि इतर वाहनांना किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. स्लिकची खोली शून्य, त्यामुळे तो नवाकोरा असतानाच नियमात नापास होतो. त्यातून पळवाट काढल्यासारखा प्रकार म्हणजे सेमी-स्लिक. मोजक्याच खाचा, बाकी रबर रेसचाच. परदेशात हौशी चालक तो लावून घरून ट्रॅकवर जातात आणि तोच लावून परततात. त्याचा खरा दोष चटकन दिसत नाही. प्रत्येक वेळी कडकडीत तापून गार झाला की हा रबर थोडा कडक होतो. नक्षी अर्ध्याहून जास्त शिल्लक असतानाच पकड गेलेली असते.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत स्लिकपेक्षा जास्त नजरेस पडतो तो बटण टायर, म्हणजे मोटोक्रॉससारख्या मातीच्या शर्यतींतून आलेला, उंच, सुटे गट्टू असलेला टायर. इथे त्याची ओढ लागण्याला कारणही आहे. वरोरा-भद्रावतीकडची काळी माती ओली झाली की साध्या टायरच्या खाचा भरून टाकते आणि तो दहा पावलांत गोटा होतो. बटणांमधली जागा मोठी असल्याने चाक फिरताना चिखल आपोआप फेकला जातो आणि गट्टू पुन्हा जमिनीत रुततो. एटापल्लीच्या आतल्या गावांना जाणाऱ्या पावसाळी पायवाटांवर याहून चांगले काही नाही.

अडचण डांबर लागल्यावर सुरू होते. तिथे रुतायला काही नसल्याने टायर फक्त बटणांच्या माथ्यांवर उभा राहतो, म्हणजे रस्त्याला टेकणारा रबर बराच कमी होतो. ब्रेक दाबला की प्रत्येक उंच गट्टू आधी पुढे वाकतो, मग धरतो. हँडलला जाणवणारी ती डुगडुग याचीच. सतत वाकण्याने गट्टू बुडाशी तापतात, पुढे तिथेच चिरतात, आणि मधली रांग कडेच्या रांगांच्या कितीतरी आधी झिजते. ओल्या सिमेंट रस्त्यावर आणि रपट्यावर तो सर्वांत दगाबाज. त्यात मोटोक्रॉसवाले या टायरमध्ये १२ ते १४ पौंडच हवा ठेवतात, म्हणजे तो पसरून माती धरतो. तेवढ्याच हवेवर मागे माणूस बसवून डांबरावरून पन्नास किलोमीटर गेले तर टायरच्या बाजू वाकून-वाकून भाजून निघतात. रोवणीच्या दिवसांत बांधीतून चिखलणी करून निघालेला ट्रॅक्टर लोखंडी केज व्हील न उतरवता डांबरावर आला की काय होते, ते सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडे सगळ्यांनी पाहिलेले असते. बटण टायरचे तेच दुखणे, फक्त आवाज कमी.

मारुती जिप्सी या बाबतीत पाहण्यासारखी आहे. १९८५ च्या अखेरीस आलेली ही गाडी हिमालयातल्या रॅलींत गाजली आणि ताडोबात पर्यटकांना घेऊनही फिरली. गाडी एक, पण दोन्हीकडे टायरकडून अपेक्षा वेगळी. रॅलीचा टायर दिवसाच्या टप्प्यापुरता टिकला तरी भागते, कारण पुढे सर्व्हिसचा तंबू असतो. सफारीच्या टायरला सकाळ-दुपार मुरुमाच्या रस्त्यावर, कमी वेगाने, कित्येक महिने चालायचे असते. रोज मुरूम आणि डांबर दोन्ही तुडवणाऱ्या दुचाकीसाठी ड्युअल पर्पज टायर हाच त्यातल्या त्यात नेमका. त्याचे गट्टू बुटके आणि जवळजवळ असतात. चिखलात तो बटणाला हरतो, डांबरावर साध्या टायरला हरतो, पण दोन्हीकडे थोडक्यात.

कुठला टायर कशासाठी आहे हे त्याच्या बाजूवरच लिहिलेले असते. ‘एनएचएस’ ही तीन अक्षरे किंवा ‘हायवेवर वापरू नये’ अशा अर्थाची ओळ असेल तर तो सार्वजनिक रस्त्यासाठी नाहीच. रस्त्याच्या टायरवर आयएसआयचे चिन्ह लागते. आकारापुढचा अंक भार सांगतो, उदाहरणार्थ ६२ म्हणजे २६५ किलो. त्यापुढचे अक्षर वेगाचे, एम म्हणजे ताशी १३०, पी म्हणजे १५० किलोमीटर. लंबगोलातले चार आकडे आठवडा आणि वर्ष दाखवतात, म्हणजे २३२४ असेल तर टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यातला. शर्यतीत वापरलेले टायर जुन्या बाजारात स्वस्त मिळतात, तेव्हा ही तारीख पाहूनही पूर्ण उलगडा होत नाही. तो किती वेळा तापून गार झाला याची नोंद टायरवर कुठेच नसते. त्यासाठी नखाने दाबून पाहतात. जिवंत मऊ रबरवर नखाची खूण क्षणभर राहते. थंड टायरवर नख नुसतेच घसरले, तर नक्षी कितीही शाबूत असो, तो रबर संपलेला असतो.