आधी नळी, मग साचा

सकाळी ६:३०

रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर उघडून सहाही घरं रिकामी आहेत हे आधी डोळ्यांनी पाहिलं, मग प्रत्येक घरात बोट घालून. काडतुसं घरातल्या कपाटात कुलूपबंद आहेत. आज गॅरेजमध्ये फक्त शिसं, साचे आणि मोजमापाची हत्यारं.

आयडाहो राज्यात नेमबाजी हा शनिवार-रविवारचा सर्रास छंद आहे, आणि स्वतःच्या वापरासाठी गोळ्या ओतायला अमेरिकेत केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. भारतात हेच काम परवान्याशिवाय करणं १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. त्यामुळे पुढचं सगळं इथलं, बॉयझीतल्या एका शनिवारचं.

आज साचा ठरवायचा आहे. रिव्हॉल्व्हर .३८ स्पेशल जातीचं. हे काडतूस १८९८चं, आणि त्याच्यासाठी निघालेल्या साच्यांची यादी वाचता वाचता दुपार होईल. बहुतेक जण यादीपासूनच सुरुवात करतात. मी शेजारच्या निवृत्त टर्नरकडून हे काम शिकलो. त्यांचं म्हणणं एकच: यादी शेवटी उघडायची. साचा कोणता ते बंदूक सांगते, आणि तिला मोजल्याशिवाय ते कळत नाही.

सकाळी ७:३०

शेजारी त्यांचा मायक्रोमीटर घेऊन आले. नळीला आतून तेलाचा हात दिला. शुद्ध, मऊ शिशाचा एक तुकडा तोंडाशी ठेवला आणि लाकडी दांड्याने हळूहळू पलीकडे सरकवला. नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात, त्यांचा ठसा या तुकड्यावर उमटतो. खाचांच्या तळापर्यंतचा व्यास हे पहिलं माप.

इथे एक अडचण आहे. माझं रिव्हॉल्व्हर स्मिथ अँड वेसनचं, आणि त्यांच्या नळीत खाचा पाच असतात. विषम संख्येमुळे एका खाचेच्या बरोबर समोर दुसरी खाच येत नाही, आणि साधा मायक्रोमीटर चुकीचं माप दाखवतो. शेजाऱ्यांच्या मायक्रोमीटरची बैठक व्ही आकाराची आहे, त्यावर तुकडा तीन ठिकाणी टेकतो. माप आलं ०.३५७ इंच.

नळीपेक्षाही महत्त्वाचं माप सिलिंडरच्या घरांच्या तोंडाचं. गोळी आधी तिथून जाते. ते तोंड नळीपेक्षा अरुंद असेल तर गोळी तिथेच दबून बारीक होते, नळीत सैल बसते, तिच्या कडेने तप्त वायू निसटतो आणि नळीच्या आत शिशाचा थर चढत जातो. लोक म्हणतात शिसं मऊ होतं म्हणून असं झालं. माझ्या मते बहुतेक वेळा दोष मापाचा असतो. सहाही तोंडांतून तुकडे सरकवून पाहिले, सगळीकडे ०.३५८. नळीपेक्षा एक हजारांश इंच मोठं, म्हणजे हवं तसंच. आता गोळी ०.३५८ची हवी आणि साच्यातून ती त्याहून किंचित मोठीच पडली पाहिजे. मोठी गोळी मापाच्या छिद्रातून दाबून बारीक करता येते, बारीक गोळी मोठी करता येत नाही.

सकाळी ९:१५

धातू निवडला. गाडीच्या चाकांना समतोलासाठी लावतात त्या वजनांची बादली. शिशाच्या वजनात थोडं अँटिमनी असतं, त्याने कठीणपणा येतो. आता जस्ताची आणि लोखंडाची वजनंही बाजारात आली आहेत, म्हणून प्रत्येक तुकडा पकडीत दाबून पाहायचा. शिशावर खूण उमटते, जस्तावर उमटत नाही. जस्त ४१९ अंश सेल्सिअसला वितळतं आणि शिसं ३२७ला. जस्त भांड्यात मिसळलं की धातू साच्याच्या कोपऱ्यांत शिरत नाही, सगळा घाणा वाया जातो.

त्यात थोडं कथील घातलं. कथलामुळे धातू पातळ वाहतो आणि कडा भरतात. शिसं, कथील, अँटिमनी: छापखान्यातले खिळे याच तिघांचे. लायनोटाइपच्या धातूत शंभरात साधारण १२ भाग अँटिमनी आणि ४ भाग कथील असायचं. धातू बदलला की त्याच साच्यातल्या गोळीचं मापही बदलतं, अँटिमनी जास्त असेल तर गोळी जरा मोठी पडते. म्हणून साच्यावर लिहिलेलं माप कोणत्या धातूसाठी आहे, हे विचारल्याशिवाय त्यावर विसंबता येत नाही.

सकाळी १०:००

गॅरेजचं दार सताड उघडं, पंखा बाहेरच्या दिशेने. चष्मा, चामडी हातमोजे, पूर्ण बाह्या, बंद बूट. भांड्याच्या आसपास पाणी, चहा, घामाचा थेंबसुद्धा नको. वितळलेल्या धातूच्या पोटात पाणी गेलं की क्षणात वाफ होते आणि शिसं छतापर्यंत उडतं. नवा तुकडा घालायचा तो आधी भांड्याच्या काठावर वाळवून, तापवून.

शेजाऱ्यांचे दोन साचे आलटून पालटून चालवले. एक अ‍ॅल्युमिनियमचा, दोन गोळ्यांचा. दुसरा जुना लोखंडी, चार गोळ्यांचा. साचा गार असताना पडलेल्या गोळ्या सुरकुतलेल्या निघतात, पहिलं घावन तव्याला धरतं तसंच. त्या परत भांड्यात. अ‍ॅल्युमिनियम चटकन तापला आणि लगेच चांगल्या गोळ्या देऊ लागला. लोखंडी साचा तापायला वेळ लागला, पण एकदा तापल्यावर त्याची उष्णता स्थिर राहिली. मात्र त्याच्या वजनाने मनगट भरून आलं. लोखंड गंजतं, त्याला दर वेळी तेल द्यावं लागतं. अ‍ॅल्युमिनियम मऊ असतो, वरची, जादा धातू कापणारी पाती कोरडी फिरवली तर त्यावर ओरखडे उठतात. पितळी साचेही मिळतात, महाग आणि आणखी जड.

दुपारी १२:४५

भांडं बंद केलं. स्वयंपाकघराच्या दारातच आवाज आला, "हात धुतलेस का? आणि तोंड?" दोन्ही साबणाने धुतले, शर्ट बदलला. ओतकामाच्या तापमानाला शिशाची वाफ फारशी होत नाही. खरा धोका भांड्यावरची राख काढताना उडणारी धूळ आणि हातावरून घासात जाणारं शिसं. आमच्याकडे लहान मूल आहे. त्यामुळे गॅरेजचे कपडे वेगळे धुवायचे आणि बूट घरात आणायचे नाहीत. या नियमांना सुट्टी नाही.

दुपारी २:३०

गार झालेल्या गोळ्या मोजल्या आणि तोलल्या. अ‍ॅल्युमिनियमच्या साच्याची गोळी १५८ ग्रेनच्या आसपास, म्हणजे सव्वादहा ग्रॅम. एका पौंडात ७००० ग्रेन, तेव्हा पौंडभर धातूत चव्वेचाळीस गोळ्या. व्यास ०.३५८ला भरून वर थोडा शिल्लक.

लोखंडी साच्याची गोळी १७० ग्रेनच्या घरातली, एल्मर कीथच्या आराखड्याची. कीथ याच आयडाहोत सॅमनला राहायचा, पशुपालक आणि शिकारी. चपट्या नाकाची, खांद्याला धारदार कड असलेली त्याची गोळी कागदी लक्ष्यात गोल, स्वच्छ छिद्र पाडते, त्यामुळे गुण मोजताना वाद होत नाही. साचे बनवणाऱ्या लायमन कंपनीच्या यादीत ती ३५८४२९ क्रमांकाने आहे. पहिले तीन अंक व्यासाचे, उरलेले आराखड्याचे. मला हा आकार मनापासून आवडतो.

पण माझ्या रिव्हॉल्व्हरची नेम धरायची माशी आणि खाच पक्की आहेत, स्क्रूने हलत नाहीत. .३८ स्पेशलची अशी रिव्हॉल्व्हरं १५८ ग्रेनच्या गोळीसाठी जुळवलेली असतात. जड गोळी नळीत जास्त वेळ राहते, तोवर धक्क्याने नळीचं तोंड वर उचललं जातं आणि गोळी निशाणाच्या वर लागते. कीथची गोळी तशीच वर लागेल, आणि मी दर वेळी निशाणाच्या खाली नेम धरत बसेन. आवड बाजूला ठेवली.

संध्याकाळी ६:००

आता यादी उघडली, आणि ती बघता बघता आटोपली. १५८ ग्रेन, धारदार खांदा, पडणारं माप ०.३५८ किंवा जास्त, तळ सपाट. तळाला तांब्याची टोपी बसवायची सोय नको, कारण माझी काडतुसं सौम्य असतात. गोल नाकाचे साचे सोडून दिले. ते ९ मिलिमीटरच्या स्वयंचलित पिस्तुलांना बरे, कारण तिथे गोळी उतारावरून सरकत नळीत शिरते. सहा गोळ्यांचा साचाही सोडला. तो सतत चालवला तरच नीट तापलेला राहतो, आणि मी सावकाश ओततो. दोन गोळ्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा पुरे.

रात्री ९:००

मागणी नोंदवली. साचा आला की आधी गरम पाणी, साबण आणि जुन्या दातब्रशने कारखान्यातलं तेल काढायचं, पूर्ण वाळवायचा, आणि शेजाऱ्यांकडे न्यायचा: पहिल्या दहा चांगल्या गोळ्या त्यांच्या मायक्रोमीटरवर मोजल्याशिवाय पुढचा घाणा लावायचा नाही.