ग्रंथपाल वर्गात येतात तेव्हा

अमेरिकेत १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातील माँटीथ कॉलेजात पॅट्रिशिया नॅप यांनी ग्रंथालयाचं शिक्षण थेट अभ्यासक्रमात गुंफून पाहिलं. इंडियानातल्या अर्लहॅम कॉलेजात १९६२ पासून तीस वर्षांहून अधिक काळ ग्रंथालय सांभाळणाऱ्या इव्हान फार्बर यांनी ही कल्पना रोजच्या शिकवण्यात मुरवली. त्यांची खरी करामत होती वेळ साधण्यात. वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्यांना ग्रंथालय फिरवून आणलं, तर निबंध लिहायच्या वेळी त्यातलं काय आठवणार? म्हणून प्राध्यापकांनी विषय दिला की त्याच सुमारास ग्रंथपाल वर्गात येणार आणि त्या विषयापुरतं दाखवणार: आधी कोश, मग सूची, मग नियतकालिकांतले लेख. अर्थात, त्याआधी दोघांनी मिळून गृहपाठ आखायला हवा. सगळ्यात अवघड हेच, आणि मोलाचंही.

अशा शिकवण्यातून विद्यार्थ्यांना नेमकं काय यायला हवं? अमेरिकी महाविद्यालयीन ग्रंथपालांच्या संघटनेने त्यासाठी २००० साली माहिती-साक्षरतेचे, म्हणजे माहिती शोधून, पारखून वापरण्याच्या कौशल्याचे, निकष ठरवले होते. २०१६ मध्ये ते बाजूला सारून सहा मूळ संकल्पनांचा आराखडा स्वीकारला गेला. त्यातली एक अशी: विद्वत्ता म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चाललेला संवाद, आणि नवखा विद्यार्थीही त्यात बोलू शकतो.