मेंदूज्वर : ताप मेंदूपर्यंत पोचतो तेव्हा

वाराणसी, गाझीपूर, बलिया, गोरखपूर या पूर्वांचलच्या पट्ट्यात पावसाळा सरताना आया एका शब्दाला घाबरतात : ‘दिमागी बुखार’. आपण त्याला मेंदूज्वर म्हणतो. विषाणूची लागण मेंदूच्या आवरणापुरती राहिली तर तो मेनिंजायटिस. त्यातून बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. खुद्द मेंदूलाच सूज आली तर तो एन्सेफलायटिस. हा जीवघेणा ठरू शकतो आणि वाचलेल्या मुलाच्या मागे फिट्स किंवा अपंगत्व लावून जाऊ शकतो.

२००५ साली पूर्व उत्तर प्रदेशात जपानी मेंदूज्वराची मोठी साथ आली. हजाराहून अधिक बळी गेले, त्यात बहुतेक मुलंच होती. हा विषाणू डुकरं आणि बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांत वाढतो. भातखाचरांत पैदा होणारे क्युलेक्स डास तो माणसापर्यंत आणतात. माणसाकडून माणसाला मात्र तो होत नाही. २००६ मध्ये लसीकरण सुरू झालं आणि पुढे या आजाराचे रुग्ण घटले. तरी तापाने बेशुद्ध झालेली मुलं दवाखान्यांत येतच राहिली. काहींत दूषित पाण्यातून पसरणारे एन्टेरोव्हायरस सापडले, तर अनेकांत चक्क स्क्रब टायफस. तो विषाणू नव्हेच, जिवाणू आहे आणि वेळेवर दिलेल्या साध्या अँटिबायोटिकने बरा होतो!

आपल्याकडेही असा एक विषाणू आहे. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांत तो सापडला, म्हणून त्याचं नाव चांदीपुरा. मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारी बारीक सँडफ्लाय तो पसरवते. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुलांना मेंदूज्वर झाला, १८३ दगावली. या साथीमागे चांदीपुरा असल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने दाखवलं. त्यावर लस नाही, खास औषधही नाही. उलट हर्पिसमुळे झालेल्या मेंदूज्वरावर असायक्लोविर आहे, पण ते लवकर सुरू व्हावं लागतं.

म्हणून तापासोबत झटके, असंबद्ध बडबड, सतत गुंगी, मान ताठरणं किंवा वारंवार उलट्या दिसल्या तर सकाळची वाट पाहू नका. झटका आला तर मुलाला कुशीवर वळवा. तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका. कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ तर मुळीच घालवू नका. डॉक्टर पाठीतलं पाणी तपासायला सांगतात तेव्हा अनेक घरांत नकार येतो, ‘पोरगं लुळं पडेल’ या भीतीने. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली घालतात, त्यामुळे ही भीती निराधार आहे. आजार विषाणूचा की जिवाणूचा, हे बरेचदा त्या पाण्यातूनच उलगडतं.

जपानी मेंदूज्वराची लस सरकारी केंद्रांवर फक्त जोखमीच्या जिल्ह्यांत मिळते : पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. महाराष्ट्रातून बदली होऊन वाराणसीकडे निघाला असाल, तर बाळाच्या लसीकरण कार्डावर हे दोन डोस आहेत का, ते सामान बांधण्याआधी बघा.