सुट्टी समुद्रावर, नजर मुलावर

दिवाळीची सुट्टी लागली किंवा मे महिना तापू लागला, की जामखेड परिसरातली अनेक कुटुंबे कोकणाची वाट धरतात. पुणे, ताम्हिणी घाट, माणगाव आणि पुढे दिवेआगर किंवा श्रीवर्धन. कोणी गणपतीपुळ्याला जाते, कोणी तारकर्लीला, तर कोणी थेट गोव्याला. पूर्वी नातेवाईकाच्या घरी किंवा भक्तनिवासात उतरण्याची पद्धत होती. आता समुद्राला लागून रिसॉर्ट असते. त्यात पोहण्याचा तलाव, सकाळचा भरपेट नाश्ता, मुलांसाठी घसरगुंडी असते. पैसे मोजले की झाडलोट, स्वयंपाक, भांडी या सगळ्यांतून आईवडिलांची सुटका होते. एका कामातून मात्र होत नाही. पाण्याजवळ मुलावर नजर ठेवण्याचे काम कोणत्याही दरात विकत मिळत नाही. ते रिसॉर्ट कोकणातले असो, गोव्यातले असो की कॅरिबियन बेटावरचे.

आपला तालुका पर्जन्यछायेतला. विंचरणा नदी वर्षातला बराच काळ कोरडी दिसते आणि सौताड्याचा धबधबा पाहायला पावसाळ्याची वाट पाहावी लागते. त्यामुळे इथल्या कित्येक मुलांनी एवढे पाणी एकत्र पाहिलेलेच नसते. ते दिसताच मूल त्याकडे धावते. त्याला भीती ठाऊक नसते आणि पोहताही येत नसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे तीन लाख माणसे बुडून दगावली. त्यांतली जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुले होती. एक ते चार वर्षे वयोगटातील मृत्यूंच्या कारणांत बुडणे चौथ्या क्रमांकावर आहे.

तलाव : बुडणे आवाज करत नाही

सिनेमात बुडणारा माणूस हात उंचावून ‘वाचवा, वाचवा’ ओरडतो. लहान मूल असे काही करत नाही. तोंड पाण्याच्या वर आले तर तेवढ्या क्षणात त्याला श्वास घ्यायचा असतो, ओरडायला हवा उरत नाही. दोन-अडीच वर्षांच्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. ते वाकले की तोल पुढे जातो आणि गुडघाभर पाण्यातूनही त्याला उठता येत नाही. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, तर चार ते सहा मिनिटांत कायमची इजा होऊ लागते. खोलीत जाऊन टॉवेल आणायला तेवढाच वेळ लागतो.

एकत्र कुटुंबाच्या सहलीत धोका आणखी वाढतो. आजी, आजोबा, काका, मावशी असे दहा जण तलावाभोवती बसलेले असतात. प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याचे लक्ष आहे. त्यामुळे कोणाचेच नसते. यावर उपाय साधा आहे. एका वेळी एकाच मोठ्या माणसाने जबाबदारी घ्यायची, पंधरा-वीस मिनिटांची पाळी लावायची. पाळीवर असलेल्याने मोबाइल बाजूला ठेवायचा, गप्पांत रमायचे नाही आणि मद्य घेतलेले नसावे. पाळी बदलताना नाव घेऊन सांगायचे, ‘आता बाळ तुझ्याकडे.’ समोरच्याने ‘हो’ म्हटल्याशिवाय जागचे हलायचे नाही. पाच वर्षांखालचे मूल पाण्यात असेल, तर मोठ्या माणसानेही पाण्यातच, हात लांबवला की मूल हाती लागेल एवढ्या अंतरावर असावे.

दंडावर चढवायच्या हवेच्या पट्ट्या आणि फुगवलेली चाके ही खेळणी आहेत. ती निसटतात, उलटतात, त्यांतली हवा जाते. खरी लाइफ जॅकेट मुलाच्या वजनाला बेतलेली असावीत, तीही नजरेला पर्याय म्हणून नव्हे. पोहण्याचे कपडे भडक केशरी किंवा पिवळे निवडावेत. निळ्या तलावात निळा पोशाख दिसेनासा होतो.

समुद्र : शांत दिसणारा पट्टा

मोठ्यांच्या गुडघ्याला लागणारी लाट दोन वर्षांच्या मुलाच्या छातीला लागते. ती परत जाताना पायाखालची वाळूही ओढून नेते. म्हणून लहान मुलाने ओल्या वाळूत खेळतानाही कोणाचा तरी हात धरलेला असावा.

समुद्राला दिवसातून साधारण दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी लागते. भरतीची वेळ रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, म्हणजे पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा हा चढउतार कमी असतो. कोकणातली जुनी माणसे तिथीच्या पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला सहाच्या सुमारास, तर पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. हा हिशेब ढोबळ आहे. त्या दिवसाची नेमकी वेळ गावातल्या कोळी बांधवांना विचारावी आणि ते ‘नको’ म्हणाले, तर त्यांच्याशी वाद घालू नये.

दुसरी गोष्ट परतीच्या प्रवाहाची. किनाऱ्यावर आलेले पाणी काही ठिकाणी अरुंद पट्ट्यातून वेगाने समुद्रात परत जाते. दोन्ही बाजूंना पांढऱ्या लाटा फुटत असतात आणि मधला पट्टा शांत, थोडा गडद दिसतो. नवख्या माणसाला तीच जागा सुरक्षित वाटते. त्यात सापडल्यास थेट किनाऱ्याकडे पोहण्याचा हट्ट करू नये, दमछाक होते. तरंगत राहावे, किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर यावे आणि मग किनारा गाठावा. हे मोठ्यांसाठी झाले. लहान मुलाला हे जमणार नाही, म्हणून त्याला त्या पाण्यात नेऊच नये. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. ती तर महाविद्यालयात शिकणारी धडधाकट मुले होती.

गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षकांची व्यवस्था आहे. लाल बावटा असेल तिथे पाण्यात उतरायचे नाही. लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधल्या भागातच उतरायचे. मात्र जीवरक्षकांची वेळ ठरलेली असते आणि कोकणातल्या प्रत्येक किनाऱ्यावर ते असतातच असे नाही. पावसाळ्यात मुलांना घेऊन पाण्यात उतरण्याचा विचारही नको. उन्हाचेही भान हवे. सकाळी लवकर किंवा चारनंतर किनाऱ्यावर जावे. सहा महिन्यांखालच्या बाळाला थेट उन्हापासून पूर्ण दूर ठेवावे.

मूल पाण्यातून बाहेर काढले, पुढे काय?

आपल्याकडे बुडालेल्याला उलटे टांगतात, गरगर फिरवतात, पोट दाबतात. यातले काहीही करू नये. त्यात मोलाचा वेळ जातो आणि पोटातले पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. मुलाला कडक जागेवर उताणे ठेवावे, हाक मारून पाहावी आणि दुसऱ्याला १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायला सांगावे. श्वास चालत नसेल, तर हनुवटी किंचित वर करून तोंडाने दोन ते पाच श्वास द्यावेत. मग छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या वेगाने ३० वेळा दाब आणि दोन श्वास, असे चक्र मदत येईपर्यंत चालू ठेवावे. लहान मुलाला एका तळहाताने आणि तान्ह्या बाळाला दोन अंगठ्यांनी, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल दाब द्यावा. हे वाचून हातात बसत नाही. घरातल्या एकाने तरी सहलीआधी प्रशिक्षण घ्यावे. मूल शुद्धीवर आले, तरी त्याला रुग्णालयात दाखवावेच. खोकला, धाप, गुंगी अशी लक्षणे काही तासांनीही दिसू शकतात.

पोटातले पाणी

सहलीत मुले सर्वाधिक आजारी पडतात ती पोटाने. उघडी कापलेली फळे, बर्फाचा गोळा, बराच वेळ मांडून ठेवलेले जेवण आणि पोहताना गिळलेले तलावाचे पाणी ही त्याची नेहमीची कारणे. क्रिप्टोस्पोरिडियमसारखा परजीवी क्लोरिन घातलेल्या पाण्यातही काही दिवस तग धरतो. म्हणून जुलाब होत असलेल्या मुलाला तलावात उतरवू नये.

जुलाब सुरू झाले, की पहिले औषध म्हणजे ओआरएस. नावात ‘ओआरएस’ मिरवणारी गोड पेये त्याच्या जागी चालत नाहीत. २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर तो शब्द वापरायला मनाई केली. पाकीट नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवावे. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्याला अर्धा ते एक कप, घोटघोट पाजावे. अंगावरचे दूध चालूच ठेवावे. सहा तास लघवी नाही, डोळे खोल गेले, मूल मलूल झाले, शौचात रक्त दिसले किंवा पाजलेले सगळे उलटून पडले, तर थांबू नये.

मीठ-साखरेचे हे पाणी जामखेडला नवे नाही. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी इथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्या, पुष्कळदा अक्षरओळखही नसलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केले आणि त्यांनी घराघरांतल्या आयांना हे पाणी करायला शिकवले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. काय करायचे हे ठाऊक असलेला माणूस मुलाच्या जवळ हवा, हा त्या कामाचा धडा तलावाच्या काठावरही तितकाच खरा आहे.

म्हणून खोली ठरवताना दरासोबत आणखी चार गोष्टी विचाराव्यात. तलावाला कुंपण आणि बंद होणारे फाटक आहे का? मुलांच्या तलावाची खोली किती? जीवरक्षक कोणत्या वेळेत असतो? बालरोगतज्ज्ञ असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय किती लांब आहे? उत्तरे गुळमुळीत आली, तर दुसरे ठिकाण शोधावे.

आणि सहलीहून परतल्यावर हीच नजर घरीही ठेवावी. आपल्या भागात प्लॅस्टिकचे अस्तर घातलेली शेततळी वाढली आहेत. त्यांच्या गुळगुळीत उतारावरून पाय घसरला, तर मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. तळ्याला कुंपण, काठाला बांधलेला दोर आणि तरंगता टायर एवढे तरी हवेच. अंगणातल्या हौदावर झाकण हवे. समुद्रावर आपण वर्षातून चार दिवस जातो, हौद आणि शेततळे मात्र मुलाच्या रोजच्या वाटेवर असतात.